काट्यावर वाचलेलं

रात्रपाळी. कारखान्याचा काटा, संकेश्वर.
एक ट्रॅक्टर उतरून दुसरा चढेपर्यंत
चार पानं होतात, नशीब असेल तर सहा.
ड्रायव्हर इंजिन बंद करत नाहीत,
म्हणून या हंगामातलं सगळं
थरथरत्या टेबलावर वाचलं.

खुनाची आधी. निपाणीच्या वाचनालयातली,
पुठ्ठ्याला तंबाखूचा वास.
बाराव्या पानावर माझ्याआधीच्या कुणीतरी
माळ्याच्या नावाखाली रेघ मारून
पेन्सिलीनं लिहिलेलं: हाच.
आता वाचायचं काय राहिलं की, म्हणून चिडलो.
पण सोडली नाही, आणि दोनशे दहाव्या पानावर
निघाला डॉक्टर.
माळी बिचारा शेवटपर्यंत गुलाबांना खत घालत होता.
मी खोडरबर शोधलं. सापडलं. मग राहू दिलं.
पुढच्यालाही जरा
चुकीच्या माणसावर डोळा ठेवू दे.

भुताची वजनात कमी भरली.
बंगला, विहीर, रडणारी कुत्री,
उसाच्या नावावर नुसतं पाचट.
घाबरलो नाही.
घाबरलो ते अडीच वाजता. लाइट गेली, आली,
आणि काट्याच्या लाल आकड्यांत पाच शून्यं,
वर मात्र कमतनूरचा रायाप्पा,
दोन ट्रॉल्या, काठोकाठ,
खिडकीतून वाकून विचारतोय, ‘एष्टु आय्तु?’
मी त्याच्या पायांकडे बघून घेतलं.

अवकाशातली जाड. आठ रात्री लागल्या.
एक जहाज, पृथ्वी सोडून तीनशे वर्षं झालेली,
पोचायला अजून तीनशे.
मधल्यांनी ना गाव बघितलेलं, ना मुक्काम;
जन्मायचं, नळ दुरुस्त करायचे, मरायचं.
हे सगळं पटलं मला.
पटलं नाही ते एवढंच,
की अख्ख्या जहाजात एकच भाषा,
आणि दारावरच्या पाटीवरून
तीनशे वर्षांत एकही भांडण नाही.
लेखक आमच्या भागातला नसणार.

शेवटची मी आणलेली नव्हे. सौजन्याची.
अकरावीला आहे. डब्याच्या पिशवीत तिनंच घातली,
भाकरीच्या वर, काही न बोलता.
कव्हरावर सायकल धरून पाठमोरी मुलगी.
म्हटलं, पोरासोरांचं असेल, तासाभरात उडवू.

त्या पोरीला बापाला काहीतरी सांगायचं असतं.
काय, ते आपल्यालाही सांगत नाहीत.
पान वीस: ती जाते, तो रेडिओ उघडून बसलेला.
पान ऐंशी: ती जाते, तो मान वर न करता विचारतो,
खाल्लंस का?
तिथं मी थांबलो.
मीही हेच विचारतो की. रोज.
त्यात वाईट काय आहे?

एकशे चौदाव्या पानाचा कोपरा दुमडलेला.
तिथं काहीच घडत नाही.
मुलगी जिन्यात बसलीय, हातात एक चप्पल, बस्स.
मी ते पान वाचलं, परत वाचलं,
एकदा भरलेली गाडी, एकदा रिकामी,
आणि वजाबाकी जमेना.
बाहेर पाच ट्रॅक्टर लागले होते, हॉर्नवर हॉर्न.
रायाप्पाचं वजन बाळूच्या पावतीवर गेलं,
बाळूचं कुणाच्या, ते सकाळी कळेल.

सकाळी घरी आलो. ती आरशापुढं,
रबरबँड दातात, सव्वासातची बस.
पुस्तक ठेवलं. विचारलं,
सांगते का गं ती शेवटी?
‘दुसरा भाग यायचाय, आप्पा.’
कधी?
तिनं वेणीला एक पेड जास्त घातला.
‘खा’ एवढं तोंडाशी आलेलं, ते गिळलं.
आमच्याकडे रेडिओ नाही.
हातात मोबाइल होता,
तो पालथा ठेवला.